नाल्यातला वाळा

सोलापूरच्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. नोकरीचा बराच काळ वर्गात गेला आणि उरलेला नाल्याच्या काठावर. ‘झाडं नदी स्वच्छ करतात’ हे वाक्य भाषणांत, वर्तमानपत्रांत आणि प्रकल्पांच्या अहवालांत मी सतत ऐकत, वाचत आले. ते खरं आहे, पण अर्धंच. मैला, साबण, उष्टंखरकटं ही सेंद्रिय घाण जिवाणू खातात. तिचं विघटन होतं आणि ती संपते. शिसं संपत नाही. क्रोमियम, कॅडमियम, निकेल हेही संपत नाहीत. ही मूलद्रव्यं आहेत. कुठलंही झाड किंवा जिवाणू त्यांचा नाश करू शकत नाही. झाड त्यांची फक्त जागा बदलतं. पाण्यात आणि गाळात विखुरलेला धातू ते आपल्या मुळांत गोळा करतं. तिथून पुढचं काम माणसाचं असतं. ते काम कसं असतं हे मला नाल्यावर उभं राहून कळलं, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं म्हणून हे सांगते आहे.

सोलापूर हे सुताचं आणि रंगाचं गाव. १८७०च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली, तिच्यामागून इतर गिरण्या आल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या एकेक करून बंद पडत गेल्या, पण पूर्व भागातले यंत्रमाग चालत राहिले. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. चादरीवरची नक्षी सगळ्यांना दिसते, तिच्यामागे राबणारं डाइंग मात्र फारसं कुणी आत जाऊन पाहत नाही. सुताच्या लडी रंगाच्या हौदात बुडवायच्या, उलटसुलट करायच्या, पिळायच्या, धुवायच्या आणि पुन्हा धुवायच्या. सुताच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी त्यात जातं. जिथे शुद्धीकरणाची सोय नसते, तिथे ते गटारात जातं, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून सीना नदीत. सीना पुढे हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. त्या संगमावरच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या अगदी आरंभीच्या शिलालेखांपैकी तो एक. हजार वर्षांपूर्वी लोकांना जिथे अक्षरं कोरून ठेवावीशी वाटली, त्या संगमाकडे आपण आज काय पाठवतो आहोत, हा प्रश्न मला कधी सोडून गेला नाही.

नाल्यावरच्या कामाच्या सुरुवातीला मला एक वयस्कर गृहस्थ भेटले. सारा जन्म त्यांनी डाइंगमध्ये काढला होता. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि कामावर दोन्हींत थोडी हिंदी मिसळून ते बोलत. माझे विद्यार्थी त्यांना अण्णा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. कोणता रंग कशात मुरतो हे मला कुठल्या पुस्तकापेक्षा त्यांनी जास्त नीट सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, चादर धुतल्यावर रंग गेला तर गिऱ्हाईक परत दारात येतं का? म्हणून रंग पक्का करायला आम्ही मोरचूद टाकायचो. काही रंगांना बायक्रोमेट. त्यानं हात पिवळे व्हायचे, कातडी फाटायची.” मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. बायक्रोमेटमध्ये सहा संयुजेचा क्रोमियम असतो, क्रोमियमच्या रूपांपैकी सर्वांत घातक. शिवाय काही रंगांच्या रेणूतच तांबं, क्रोमियम किंवा कोबाल्ट बसवलेलं असतं, कारण धातूमुळे रंग उन्हात टिकतो. शहरात धातूचा मुलामा देण्याचे छोटे कारखाने असतात, बॅटऱ्या उघडणारे असतात, भंगार धुणारे असतात. प्रत्येकाचा वाटा थोडा, पण ते सगळे एकाच उतारावर आहेत.

लाल-निळं पाणी वाहताना दिसलं की लोक ओरडतात, तक्रार करतात, फोटो छापून येतात. धातूच्या वाट्याला असा राग येत नाही, कारण तो दिसत नाही. काचेसारख्या नितळ पाण्यात शिसं असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३ आणि एकूण क्रोमियमची ०.०५. इतक्या बारीक प्रमाणाला ना चव असते, ना वास, ना रंग. म्हणून या कामात डोळ्यांवर विसंबून चालत नाही. झाडं लावल्यावर पाणी नितळ दिसू लागलं म्हणजे नाला सुधारला, असं समाधान करून घेणं सोपं असतं. मी विद्यार्थ्यांना ते कधी करू दिलं नाही.

नमुना घेणं हे या कामातलं सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम. प्लॅस्टिकची बाटली आधी आम्लाने धुवायची. पाणी भरल्यावर त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतो आणि यंत्राला पाणी शुद्ध वाटतं. गाळ वेगळा घ्यायचा, मुळं वेगळी, पानं वेगळी. सगळं सुकवून, दळून, आम्लात उकळून, गाळून मग धातू मोजणाऱ्या अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनच्या यंत्रासमोर न्यायचं. त्या यंत्राची वेळ मिळवण्यासाठी दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांचे उंबरठे झिजवावे लागतात. नमुन्याच्या पिशवीवरची चिठ्ठी भिजली तर सकाळभराचं काम वाया जातं. हे सगळं करताना मुलांना संशोधन म्हणजे काय ते समजतं. माझ्या मते पदवीच्या कागदापेक्षा ते जास्त मोलाचं होतं.

या मातीत आणखी एक अडचण आहे. सोलापूर दख्खनच्या काळ्या खडकावर बसलंय. बेसॉल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम, जस्त मुळातच असतं, आणि त्या खडकाची झीज होऊन झालेल्या काळ्या मातीतही ते उतरतं. त्यामुळे नाल्याच्या गाळात क्रोमियम सापडला म्हणून लगेच डाइंगकडे बोट दाखवता येत नाही. नाला शहरात शिरण्याच्या आधीचा गाळ, आसपासच्या पडीक रानातली माती आणि शहराच्या खालचा गाळ, तिन्ही शेजारी ठेवून पाहावे लागतात. निसर्गाचा वाटा कुठे संपतो आणि आपला कुठे सुरू होतो, ते तेव्हाच कळतं. आरोप करण्याआधी ही तुलना करणं मला न्यायाचं वाटत आलं. आणि तुलना केल्यावर जो फरक उरतो, तो मग ठामपणे मांडता येतो.

दुसरी गोष्ट गाळाची. आपलं पाणी जड आहे, क्षारांचं आहे, अल्कधर्मी आहे. काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण भरपूर. अशा ठिकाणी बरेचसे धातू पाण्यात फार वेळ विरघळून राहत नाहीत, ते खाली बसतात आणि मातीच्या कणांना धरून राहतात. म्हणजे नाल्याचं खरं कोठार तळाशी असतं. त्यामुळे नुसत्या तरंगत्या झाडांनी भागत नाही, गाळात पाय रोवून उभी राहणारीही झाडं लागतात. आम्ही काठाला आणि उथळ पात्रात पाणकणीस लावलं, थोडं नळ नावाचं गवत लावलं आणि मधल्या संथ डोहावर वाळ्याचे तराफे सोडले. पाणकणीस तर तिथे आपणहून उगवतच होतं. जो नाला लोक नाक दाबून ओलांडत, तिथेच ते उभं होतं. आम्ही त्याच्याकडे तण म्हणून न पाहता कामाचं झाड म्हणून पाहू लागलो, एवढाच फरक.

धातू साठवणाऱ्या झाडांच्या गोष्टी ऐकल्या की मुलांचे डोळे चमकतात, आणि त्या मी आवर्जून सांगे. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे, त्याचा चीक निळसर-हिरवा असतो, कारण वाळलेल्या चिकाच्या वजनात पाव हिस्सा निकेल असतं. १९७६ मध्ये शास्त्रज्ञांनी ते जगासमोर आणलं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात एक नेचा सापडला, तो मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत भरतो. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर, १९९०च्या दशकात, तिथल्या एका तळ्यावर सूर्यफुलांचे तराफे सोडले होते. सूर्यफुलांची मुळं पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढून घेत. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना सूर्यफूल चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे ही गोष्ट त्यांना फार आवडे. पण त्याबरोबरच मी हेही सांगे, की असा विलक्षण साठा करणाऱ्या जाती साऱ्या जगात सातशेच्या आसपासच आहेत आणि त्यांतल्या बहुतेक निकेलच्या आहेत. त्या आपल्या उन्हात, आपल्या मैलामिश्रित पाण्यात जगतीलच असं नाही. आपल्याला इथे टिकणारी, भराभर वाढणारी, चिवट झाडं हवीत, ती थोडा थोडा धातू उचलत असली तरी चालेल.

या बाबतीत कोल्हापूरचं काम आम्हाला मार्गदर्शक ठरलं. शिवाजी विद्यापीठात डॉ. संजय गोविंदवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं कापड उद्योगाच्या रंगीत पाण्यावर वनस्पतींचे प्रयोग केले. २०१७ मध्ये त्यांच्या गटाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. सुमारे ३०० फूट लांब, ४ फूट रुंद आणि २ फूट खोल चरींमध्ये पाणकणीस आणि कोद्रा लावून त्यांतून कारखान्याचं पाणी सोडलं होतं. दोन्ही झाडं एकत्र लावली तेव्हा ४ दिवसांत पाण्याचा रंग ७६ टक्क्यांनी उतरला, आणि आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, शिसं यांचं प्रमाणही कमी झालं. पुढच्या वर्षी त्याच परंपरेत झेंडू, अ‍ॅस्टर, गॅलार्डिया अशा बागेतल्या फुलझाडांचा प्रयोग आला. ही सगळी आपल्या अंगणातली आणि बांधावरची झाडं आहेत. कुंडीतल्या प्रयोगापाशी न थांबता ही माणसं शेताएवढ्या जागेत उतरली, याचं मला फार मोल वाटतं.

आमचं काम त्याहून लहान होतं. बांबूची चौकट, तिला खाली बांधलेले रिकामे कॅन, वर शेडनेट आणि काथ्या, त्यात खोवलेले वाळ्याचे ठोंब. सुरुवातीला रोज कुणी ना कुणी येऊन विचारायचं, “काय करायलाव मॅडम इथं? मासे पाळायलाव का?” लपवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही प्रत्येकाला सगळं समजावून सांगत असू. काठावर राहणाऱ्या बायकांनी तराफ्यांवर लक्ष ठेवलं. पोरांनी कॅन सोडून नेऊ नयेत म्हणून त्याच ओरडत. कामगार, रिक्षावाले, म्हशी घेऊन येणारे, सगळे हळूहळू ओळखीचे झाले. अशा कामाला कुंपण घालता येत नाही. लोक आपले झाले नाहीत तर तराफा आठवडाभरही टिकत नाही.

वाळ्याची मुळं पाण्यात लांब दाढीसारखी खाली उतरतात. पाणकणसाची मुळं गाळात शिरतात. दलदलीतल्या अशा झाडांच्या देठांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून वरचा प्राणवायू खाली मुळांपर्यंत जातो आणि थोडा बाहेर झिरपतो. त्या प्राणवायूमुळे गाळातलं लोह मुळांच्या अंगावर गंजून बसतं. मूळ उपटून हातात घेतलं की तो तांबूस थर बोटांना लागतो. या थराला इतर धातू चिकटतात. मुळांभोवतीचे जिवाणू आपला वाटा उचलतात. सहा संयुजेच्या क्रोमियमचं मुळांपाशी कमी घातक अशा तीन संयुजेच्या क्रोमियममध्ये रूपांतर होतं. जो धातू पेशीत शिरतो, त्याला झाड काही खास प्रथिनसदृश रेणूंनी बांधून टाकतं आणि पेशीच्या पोकळीत कोंडून ठेवतं, म्हणजे बाकीच्या कामकाजाला त्याची बाधा होत नाही. हे रेणू १९८५ मध्ये ओळखले गेले. वर्गात फळ्यावर हे सगळं मी किती वेळा लिहिलं असेल. पण तांबडा थर लागलेलं मूळ मुलांच्या तळहातावर ठेवलं की फळ्याची गरज उरत नसे.

आमच्या नमुन्यांतही जगभर दिसतं तेच दिसलं. मुळांत धातू जास्त, देठांत कमी, पानांत त्याहून कमी. तराफ्यांच्या खालच्या बाजूचं पाणी वरच्यापेक्षा चांगलं आढळे, पण सारखंच नाही. उन्हाळ्यात प्रवाह संथ असला की फरक स्पष्ट होई, कुठूनतरी एकदम हौद रिकामा झाला की तो पुसला जाई. तळाचा गाळ सुधारायला तर फार वेळ लागतो. वर्षानुवर्षं साठत गेलेलं एका हंगामात निघत नाही. हे मी प्रत्येक अहवालात स्पष्ट लिहिलं, कारण झाडांच्या नावावर खोटी आशा विकली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त शिकवून गेलेला प्रसंग एका उन्हाळ्यातला. सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला वाळ्याची किंमत सांगायला नको. पारा ४२ च्या वर जातो. घराघरांत माठात वाळ्याची जुडी पडते, खिडकीला वाळ्याचे पडदे लागतात, कुलरला वाळ्याचे पॅड, आणि सरबतात वाळ्याचा अर्क. आम्ही तराफे उचलून वाळा कापत होतो. धुतलेल्या मुळांचा ढीग काठावर पडला होता. मुळं लांबसडक, दाट आणि चक्क सुगंधी. रस्त्यावरून जाणारा एक विक्रेता थांबला, मुळं हातात घेऊन हुंगली आणि म्हणाला, “मॅडम, माल झकास हाय. कितीला देणार?” त्याच्या विचारण्यात काही वावगं नव्हतं. त्याच्यासमोर होता तो उत्तम प्रतीचा वाळाच होता. डोळ्यांनी, नाकाने, हाताने कुठल्याही तऱ्हेने त्यात खोट काढता आली नसती. आणि नेमकं तेच मूळ, ज्यात नाल्यातलं शिसं आणि क्रोमियम साठलेलं, कुणाच्या तरी माठात जाऊन पडलं असतं.

मी त्याला शेजारी बसवून सगळं सांगितलं. त्याने हातातली मुळं खाली ठेवली, हात धुतले आणि म्हणाला, “मग हे असं उघड्यावर ठेवू नका. मी इचारलं, दुसरा उचलून नेईल.” त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. त्या दिवसापासून आमच्या कामाचा कणा बदलला. कापणी आमच्यासमोरच व्हायची, कापलेलं सगळं तिथल्या तिथे वजन करून गोण्यांत भरायचं, गोणीवर तारीख आणि जागा लिहायची, आणि रात्री काठावर काहीही ठेवायचं नाही. लावणीचा दिवस फोटोचा असतो, त्याला पाहुणे येतात. कापणीच्या दिवशी कुणी येत नाही. पण नदीतून धातू बाहेर निघतो तो कापणीच्या दिवशीच.

मग प्रश्न येतो, कापलेल्याचं करायचं काय? खेड्यापाड्यांत वाळलेलं पाणकणीस चुलीत जातं, छपरावर जातं, जनावरांखाली पसरलं जातं. धातू साठवलेल्या झाडासाठी यांतली कुठलीच वाट बरी नाही. उघड्यावर जाळलं तर कॅडमियमसारखा धातू धुरात जातो आणि बाकीचा राखेत अधिक दाट होऊन उरतो. खत केलं तर शेतात, आणि शेतातून ताटात. नुसतं काठावर टाकलं तर पहिल्या पावसात पुन्हा नाल्यात. आम्ही ते छपराखाली, जाड प्लॅस्टिकवर सुकवत असू, म्हणजे वजन आणि आकार दोन्ही घटतात. मग तपासणी. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे धातूचं प्रमाण मर्यादेबाहेर निघालं तर त्याची रवानगी अधिकृत केंद्राकडेच व्हावी लागते. पुण्याजवळ रांजणगावला असं केंद्र आहे. आमच्या गोण्या प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्याबरोबर अधिकृत वाहतुकीने गेल्या. त्यासाठी पैसे लागले, कागदपत्रं लागली, पाठपुरावा लागला. कुठल्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात रोपांचा खर्च असतो, या गोण्यांचा नसतो. तो असलाच पाहिजे.

हाच विचार घेऊन मी भीमेच्या काठाने फिरले तेव्हा जलपर्णीकडे पाहण्याची माझी नजर बदलली. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती उजनीच्या पाणलोटात आणि भीमेच्या पात्रात दरवर्षी पसरते. मोटारी अडतात, मासेमारांची जाळी अडकतात. १९८० मध्ये पूर्ण झालेलं, ११७ टीएमसीचं उजनी धरण सोलापूर जिल्ह्याचा आधार आहे, आणि त्याच्या वर मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन येतात. जलपर्णी धातू फार चांगला शोषते, हे जगभरच्या प्रयोगांतून सिद्ध झालं आहे. म्हणून काहीजण म्हणतात, असू द्या तिला, ती पाणी शुद्ध करते आहे. पण तिला वेळेवर काढलं नाही तर ती तिथेच कुजते, पाण्यातला प्राणवायू संपवते आणि घेतलेला धातू परत तळाशी टाकते. काढून काठावर रचली तरी तेच. आणि तिचं गांडूळखत करण्याच्या योजना निघतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, खताची धातूसाठी तपासणी केली का? पंढरपूरची चंद्रभागा, म्हणजे भीमाच, निर्मळ करण्यासाठी २०१६ मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ योजना जाहीर झाली होती. वारकऱ्यांचं स्नान ज्या पाण्यात होतं, त्या पाण्यासाठी हा प्रश्न विचारणं माझ्या दृष्टीने भक्तीइतकंच आवश्यक आहे.

नाल्याकाठी भाजी पिकवणाऱ्या एक मावशी होत्या. पालक, मेथी, अळू. पाणी नाल्याचं, कारण दुसरं पाणीच नव्हतं. पालेभाज्या कॅडमियम सहज उचलतात, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नव्हती, कारण त्यांची चूल त्याच वाफ्यांवर पेटत होती. तरी सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमची झाडं पाणी चांगलं करत्यात म्हणता, मग माझी भाजी बी ते घाण घेतच आसंल की.” कुठल्याही परिषदेत मी याहून नेमकं विधान ऐकलेलं नाही. जे वाळ्याला जमतं ते पालकालाही जमतं. म्हणूनच नाळीच्या भाजीसारखी खाण्याजोगी वनस्पती, ती प्रयोगात कितीही चांगली ठरली तरी, वस्तीजवळच्या नाल्यात लावायला मी नेहमी विरोध केला. भूक लागलेला माणूस पाटी वाचत नाही. मावशींनी पुढे पालेभाजी सोडून शेवंती-झेंडू लावला. तो त्यांचा निर्णय होता आणि त्यात त्यांना पहिल्या वर्षी झळ सोसावी लागली. शहराच्या पाण्याची किंमत अशी काठावरच्या माणसांना मोजावी लागते.

ऋतू आपला कस पाहतातच. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ५००-५५० मिलिमीटर पाऊस. उन्हाळ्यात सीनेच्या पात्रात जे वाहतं ते पुष्कळ ठिकाणी फक्त सांडपाणी असतं, त्यात मिसळायला स्वच्छ पाणीच नसतं. आणि कधी एकदम पूर येतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने जे रूप दाखवलं ते जिल्हा विसरणार नाही. पूर आला की तळाचा गाळ उठतो आणि शेतांवर पसरतो. तोपर्यंत कापणी झाली नसेल तर झाडंही गाळाबरोबर जातात. म्हणून आम्ही मृगाच्या आधी शेवटची कापणी उरकत असू. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलांना ही घाई समजावून सांगावी लागली नाही.

नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेलं फायटोरिड तंत्र आज अनेक ठिकाणी वापरात आहे. खडी-वाळूच्या थरांत पाणकणीस, नळ, कर्दळ लावून त्यांतून घरगुती सांडपाणी सोडतात. वीज फार लागत नाही, देखभाल सोपी, पाणी बागेला वापरता येतं. मैलापाण्यासाठी हा मार्ग उत्तम आहे आणि सोलापूरसारख्या तहानलेल्या शहराने वस्तीवस्तीत तो स्वीकारावा. पण मैलापाणी आणि धातूचं पाणी एका मापाने मोजू नये. धातूचा बंदोबस्त जिथे तो पाण्यात पडतो तिथेच, डाइंगच्या दाराशीच व्हायला हवा. १९७४ पासून पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा आहे. छोट्या डाइंगवाल्याला एकट्याला यंत्रणा उभारणं झेपत नाही, हे अण्णांकडून मी पुरेसं ऐकलं आहे. म्हणून सामायिक शुद्धीकरण केंद्र, त्याचा रास्त दर आणि ते खरोखर चालतं आहे यावर नजर, हे शहराने आणि शासनाने द्यायचं आहे. हौदातून सुटलेला धातू पुढे सीनेत पसरला की त्याला गोळा करायला झाडांना वर्षं लागतात. झाडं ही शेवटची चाळण आहेत. वरून ओतणं चालूच ठेवायचं आणि खाली झाडं लावायची, हे झाडांवर आणि नदीवर दोघांवरही अन्यायाचं आहे.

माझे विद्यार्थी आज शाळांत, कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत आहेत. आपल्या गावच्या ओढ्यावर असं काही करावं म्हणून त्यांच्यापैकी कुणी विचारायला येतं, तेव्हा मला आनंद होतो. हे वाचणाऱ्यांपैकीही कुणाच्या मनात ते असेल. जरूर करा. पाणकणीस, वाळा, नळ, कर्दळ ही आपल्या मातीत रुजलेली, फुकटात मिळणारी, कष्टाळू झाडं आहेत. पण पहिलं रोप लावण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून ठेवा: धातू वरून कुठून येतो आहे आणि तो थांबवायला कोण तयार आहे; पावसाळ्यापूर्वी ही झाडं कापणार कोण; आणि कापलेली मुळं जाणार कुठे. तिन्ही उत्तरं मिळाली की मगच नाल्यात उतरा.